क्लचवरचा पाय आणि ‘विचाराधीन’ अर्ज

आधी घटनाक्रम. नेमक्या तारखा माझ्या फायलीत आहेत आणि मागणाऱ्यास त्या दाखवीन. येथे सणावारांनी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही आपापले त्या वर्षीचे दिवस आठवतील.

चौदा एप्रिलच्या जयंतीनंतरचा पहिला कामाचा दिवस: आमच्या वस्तीच्या वळणावरचा कर्मचारी बसचा थांबा ‘वेळेच्या बचतीसाठी’ रद्द केल्याचे परिपत्रक.
त्याच आठवड्यात: माझे पहिले अभ्यावेदन, म्हणजे लेखी गाऱ्हाणे.
पोळ्याच्या सुमारास: डाव्या गुडघ्यात कळ.
धम्मचक्र प्रवर्तन दिन: डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवण्याची पहिली वेळ.
छेरछेऱ्याचा, म्हणजे पोरे दारोदार धान मागतात त्या पौष पौर्णिमेचा, आदला दिवस: रायपूरचा तेलीबांधा चौक.
त्यानंतरचा चौथा दिवस: शस्त्रक्रिया.
बुद्ध पौर्णिमेचा आठवडा: अभ्यावेदनाचे उत्तर.

आता जबाबदार व्यक्ती. पहिले, परिपत्रकावर सही करणारे आमच्या विभागाचे अधिकारी. दुसरी, माझी सात पत्रे ‘विचाराधीन’ या एका शब्दाखाली वर्षभर दाबून ठेवणारी वाहन शाखा. तिसरा मी स्वतः. पहिल्या दोघांविषयी मी आजवर पुष्कळ लिहिले आहे. तिसऱ्याविषयी प्रथमच लिहितो आहे, आणि ते लिहिल्यावाचून पहिल्या दोघांवर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही.

हे लिखाण वैद्यकीय नाही. पन्नाशी ओलांडलेली, रोज गिअरची गाडी चालवून नोकरीला जाणारी आणि डाव्या पायाचे दुखणे ‘वयाचे’ म्हणून बाजूला सारणारी जी माणसे आहेत, त्यांच्यासाठी ते आहे.

रोजचा रस्ता

मी शासनाच्या एका विभागात विधी शाखेत आहे. कार्यालय नवा रायपूरला गेले तेव्हा आमची घरे शहरातच राहिली. वडील रेल्वेत गँगमन होते, भंडाऱ्याकडून आले आणि रेल्वे कॉलनीमागच्या वस्तीत त्यांनी घर बांधले. त्याच घरातून मी रोज निघतो. थांबा होता तोवर बसने जात असे. थांबा गेल्यावर बारा वर्षांची जुनी गाडी बाहेर काढली.

ज्याने गिअरची गाडी शहरात रोज चालवलेली नाही, त्याला डावा पाय किती राबतो हे कळायचे नाही. उजव्या पायाला निदान विसावा असतो. डाव्याला नसतो. पुढची रिक्षा हात-दोन हात सरकली की क्लच दाबा, पहिला टाका, अर्धा सोडा, पुन्हा दाबा. चढावर तर तो अर्धाच धरून ठेवावा लागतो. पूर्ण दाबला तर गाडी मागे जाते, सोडला तर बंद पडते. त्या अर्ध्यावर मांडी थरथरत राहते. एका सकाळी घरापासून तेलीबांधा ओलांडेपर्यंत किती वेळा दाबतो ते मोजायचे ठरवले. शंभराच्या पुढे मोजणे सोडून दिले.

गॅरेजवाल्याने गाडीत बसून क्लच दाबून पाहिला आणि हसला.

“अंकल, क्लच टाइट है. पर सच बताऊँ, टाँग उससे ज़्यादा टाइट है.”

आधी गुडघा दुखला. मग कंबर. मग कंबरेपासून पोटरीपर्यंत कोणी तापलेली तार ओढावी तसे काहीतरी. कार्यालयात पोचलो की दार उघडून पाच मिनिटे तसाच बसे. सहकाऱ्यांना वाटे, फोनवर आहे. मी पाय जागा होण्याची वाट पाहत असे.

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला आम्ही रेल्वेने गेलो. तीस वर्षांत प्रथमच आपल्या गाडीने गेलो नाही. कुंदाला, माझ्या पत्नीला, मी कारण सांगितले ते गर्दीचे. खरे कारण असे की पहाटे निघण्यासाठी गाडीत बसलो तेव्हा पाय क्लचवर चढेना, आणि मी तो पँट धरून हाताने उचलून ठेवला. तिने ते पाहिले होते.

हात का दाखवला नाही

आता ते, जे सांगायला मला वर्ष लागले.

थांबा रद्द झाला होता. बस रद्द झाली नव्हती. ती त्याच रस्त्याने, आमच्या त्याच वळणावरून रोज सकाळी जात होती. आमच्याकडे रीत अशी की हात दाखवला की गाडी थांबते, मग ती कोणाचीही असो. इतर दोघे-तिघे तसेच चढत. ड्रायव्हर भैया (त्यांचे नाव लिहीत नाही, कारण उघड आहे) मला गाडीत बसताना पाहून बस हळू करीत आणि खिडकीतून हाक देत:

“आ जाओ बाबूजी! क्लच मैं दबा लूँगा, आप अख़बार पढ़ना!”

मागून आमच्याच शाखेतले कोणी ओरडे, “या नं वकीलसाहेब! केस आमी लढतो, तुमी बसा!”

मी हात हलवून बस पुढे पाठवीत असे. रोज. नऊ महिने.

कारण माझे अभ्यावेदन विचाराधीन होते. चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे: ज्या अर्जदाराने स्वतःच पर्याय शोधला, त्याचा अर्ज मेला. मी एकदा जरी हात दाखवून चढलो असतो, तर उद्या कोणी टिपणीत लिहिले असते की अर्जदाराची सोय झालेली आहे, तक्रार उरलेली नाही. यथास्थिती राखणे आवश्यक होते. यथास्थिती म्हणजे माझी गैरसोय. ती मी पुराव्यासारखी जपली.

आणि त्याखाली आणखी एक थर होता. वडील सांगत, कोणी मेहरबानी म्हणून देईल ते घेऊ नकोस, हक्क म्हणून माग आणि मिळेपर्यंत माग. ज्या माणसाला लहानपणी पाणीसुद्धा वरून ओंजळीत घ्यावे लागले, त्याचे ते बोलणे होते. हात दाखवून थांबवलेली बस ही ड्रायव्हरची मेहरबानी. आदेशाने मिळालेला थांबा हा हक्क. हा फरक मला आजही मान्य आहे. त्या फरकासाठी कोणता अवयव पणाला लावावा, हे मात्र वडिलांनी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

कुंदाने मात्र विचारले.

“अवो, मले एक सांगा. तो मानूस रोज बस हळू करून राहिला. तुमी काहून नाही बसत?”

“तुले नाही समजत. आज बसलो तं उद्या म्हनतील, तक्रार कायची?”

“अन् पाय? पाय तुमचा हाय का फाइलीचा?”

मुलगी प्रज्ञा तेलीबांध्याला एका कंपनीत काम करते. आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. आमच्या घरात हे असेच आहे. तिने बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी गाडी घेऊ म्हणून सांगितले. मी म्हणालो, गाडी बदलली तर अडचणीचा मुद्दाच जातो.

“पापा,” ती म्हणाली, “केस जीतने के चक्कर में टाँग हार जाओगे.”

मी तिला कायद्याचा मुद्दा समजावून सांगू लागलो. ती उठून गेली.

निदानाचा दिवस

दिवाळीनंतर कुंदाने मला जवळजवळ ओढत डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी काहीच तपासले नाही. म्हणाले, “एड़ी पर चलकर दिखाइए.”

उजवी टाच टेकली, उजवा चवडा वर राहिला. डावा चवडा फरशीवर फटकन आपटला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फटकन. तो आवाज माझ्या पायाचा आहे हे मला डोळ्यांनी कळले, पायाने नाही.

मग ती नळी, जिच्यात माणसाला हात अंगाला चिकटवून सरकवतात आणि हलू नका म्हणतात. आत ठोकल्यासारखे आवाज येत होते. मी डोळे मिटून माझ्या पाचव्या पत्राचा मसुदा मनात पक्का करीत होतो. एवढ्यावरून माझी तेव्हाची स्थिती कळावी.

कण्यातली चकती सरकून पायाकडे जाणारी नस दाबली गेली होती. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे गाडी पूर्ण बंद, व्यायाम आणि औषध. बहुतेकांना तेवढ्याने पुरते. मी विचारले, क्लचमुळे हे झाले असे प्रमाणपत्र मिळेल का?

“क्लच से हुआ, यह मैं नहीं लिख सकता. उम्र है, कुर्सी की नौकरी है, सौ बातें हैं. क्लच से बिगड़ रहा है, यह लिख देता हूँ.”

“मुझे कारण चाहिए, डॉक्टर साहब.”

“मेरे पास इलाज है. कारण के लिए अदालत जाइए.”

मी चिडून बाहेर आलो. आज कबूल करतो की त्या खोलीत प्रामाणिक बोलणारे ते एकटेच होते. त्यांनी मला सुटकेचे दार दाखवले होते. त्या दारातून मी तेवढा कागद घेऊन बाहेर पडलो, सहाव्या पत्राला जोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गाडीत बसलो.

तेलीबांधा

छेरछेऱ्याच्या आदल्या सकाळी तेलीबांध्याच्या तळ्याजवळ वाहतूक तुंबली होती. गाडी पहिल्या गिअरमध्ये, डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर. पुढे एक स्कूटी, तिच्यावर एक बाई आणि मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. त्या मुलीच्या दप्तरावर चांदण्या चिकटवलेल्या होत्या. त्या अजूनही मला दिसतात.

पुढची वाहने हलली. मी पाय सोडायला गेलो आणि मला समजले की पाय कोठे आहे हे मला माहीत नाही. तो क्लचवर आहे, वरून दिसतो आहे, पण दाबला आहे की नुसता टेकला आहे, हे कळत नाही. तो घसरला तर गाडी उसळी घेणार, आणि पुढे ती मुलगी. उजवा पाय ब्रेकवरून काढवत नाही. मागे हॉर्न. डाव्या काचेवर कोणी थापा मारल्या. “अंकल, सो गए क्या?”

किल्ली फिरवली की इंजिन बंद होते. बत्तीस वर्षे गाडी चालवणाऱ्या मला हे सुचायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. स्टिअरिंग, आसन आणि तो पाय यांच्यामध्ये मी अडकलो होतो, जणू गाडीनेच मला धरून ठेवले होते. शेवटी हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. मग दोन्ही हातांनी पाय उचलून पेडलवरून खाली ठेवला, ओझे उतरवावे तसा. दार उघडले. उभा राहिलो आणि खाली बसलो.

बाजूच्या रांगेत आमची बस अडकलेली होती. ड्रायव्हर भैया उतरून आले. एका हाताने पाठ, एका हाताने गुडघ्याखाली, असे त्यांनी मला उचलले.

“बाबूजी, आज तो बैठोगे?”

माझ्या तोंडून काय निघाले ते सगळ्या बसने ऐकले आणि आजही ते मला ऐकवतात. मी म्हणालो, “मैं निषेध के साथ बैठ रहा हूँ. मेरा अभ्यावेदन कायम है.”

“हव हव,” ते म्हणाले, “निषेध को भी बिठा लो, सीट ख़ाली है.”

तीन आसनांवर मला आडवे करून ती बस कार्यालयात न जाता रुग्णालयात गेली. बसमधल्या एकानेही घड्याळ पाहिले नाही. वेळेची बचत त्या दिवशी कोणाला आठवली नाही.

छत

रुग्णालयाविषयी थोडेच. शस्त्रक्रियेआधी सही घेतात. मी तो कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्या कलमावर प्रश्न विचारला. कुंदा म्हणाली, “आता सही करा, नाही तं मी करतो.” मी सही केली.

नंतर छत. कुशीवर वळायचे तर एकट्याने नाही, ओंडका फिरवावा तसे दोघांनी वळवायचे. पाणी नळीने. सकाळी किती वाजले हे झाडूच्या आवाजावरून कळे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर ‘प्रतीक्षेत’ असे लिहिले, त्याला घंटी दाबून सिस्टरची वाट पाहताना त्या शब्दाचा अर्थ कळतो. लघवीसाठी वाट पाहण्यात कोणताही मुद्दा उरत नाही.

रोज सकाळी फिजिओथेरपीची दीदी येई आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभी राही.

“बबा, अँगूठा हिलाव.”

“हिला रहा हूँ.”

“मन में नहीं. बाहर.”

तिसऱ्या दिवशी अंगठा हलला. इतका कमी की कुंदाला वाटले चादर हलली. दीदीने टाळी वाजवली. मी रडलो, हे लिहिण्यास मला संकोच नाही.

प्रज्ञाने पलंगाशेजारी बसून माझी फाईल वाचली. सातही पत्रे, प्रतींसह. मला वाटले, मसुदा चांगला आहे म्हणेल.

“पापा, नियम लिखे हैं, परिपत्र का क्रमांक लिखा है, समानता का अधिकार लिखा है. सात चिट्ठियों में एक बार भी नहीं लिखा कि दर्द होता है.”

मी म्हणालो, दुखण्याला पुरावा लागतो.

“मैं पुरावा माँग रही थी क्या? मुझे भी नहीं बताया.”

कुंदा खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. “नऊ महिने,” ती म्हणाली. “नऊ महिने तो मानूस थांबून राहिला. अन् मी दारातून पाहून राहिली. मी का तुमची विरोधी पार्टी होती, अवो?”



वाचकांना एवढेच सांगतो: पाय हाताने उचलावा लागला, तर त्याच दिवशी घरात सांगा. चप्पल पायातून निसटली आणि कळले नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि कोठेही अर्ज करायचा असेल तर पहिल्या ओळीत लिहा की दुखते. नियम दुसऱ्या ओळीत लिहिता येतात.

उत्तर

बुद्ध पौर्णिमेच्या आठवड्यात पाकीट घरी आले. मी तेव्हा पोटरीला पट्टा बांधून अंगणात पाच फेऱ्या मारीत होतो.

“आवेदक द्वारा वर्तमान में वाहन नहीं चलाया जा रहा है, अतः आवेदन का कारण शेष नहीं रहा. प्रकरण नस्तीबद्ध किया जाता है.”

म्हणजे: तुम्ही आता गाडी चालवीत नाही, तेव्हा तक्रार संपली, फाईल बंद.

मी ते वाक्य पुनःपुन्हा वाचले. राग आला म्हणून नाही. ओळखीचे वाटले म्हणून. ‘अतः आवेदन का कारण शेष नहीं रहा’ हे वाक्य माझे आहे. आमच्या विभागात निकाली काढायच्या अर्जांसाठी जो नमुना चालतो, तो अनेक वर्षांपूर्वी मीच लिहून दिला होता. त्या वाक्याने मी किती फायली बांधल्या, मला माहीत नाही. एक आठवते. गुडघे गेलेल्या एका शिपाई बाईंनी तळमजल्यावर बदली मागितली होती. फाईल फिरत राहिली, त्या निवृत्त झाल्या, आणि मी लिहिले: कारण उरले नाही. वाक्य निर्दोष होते. बाई आज अभनपूरला मुलाकडे असतात असे कळले. प्रज्ञा मला या रविवारी तेथे घेऊन जाणार आहे. काय बोलायचे याचा मसुदा मी केलेला नाही.

पाय निम्मा परत आला आहे. चवडा थोडा उचलतो, पूर्ण नाही. डॉक्टर म्हणतात, याहून जास्त आले तर आनंद माना, न आले तर आश्चर्य मानू नका. गिअरची गाडी मी पुन्हा चालवणार नाही. चालताना डावी चप्पल मागे राहते आणि मला कळत नाही. कुंदा मागून उचलून आणते आणि पुढे ठेवते.

कामावर मी रुजू झालो आहे. सकाळी वळणावर उभा राहतो, हात दाखवतो आणि रद्द झालेल्या थांब्यावरून बसमध्ये चढतो. ही मेहरबानी आहे. मी ती घेतो. हात मी दाखवतो, म्हणून त्याची जबाबदारीही माझी. ड्रायव्हर भैयांना या कारणाने एका शब्दानेही विचारले गेले, तर त्याचा जाब मी योग्य त्या ठिकाणी मागेन.

माझ्या चुकीचे उत्तर मी येथे, माझ्या माणसांसमोर आणि अनोळखी वाचकांसमोर, दिलेले आहे. आता परिपत्रकावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या निर्णयाचे उत्तर द्यावे. बस त्याच रस्त्याने जाते, त्याच वळणावर हळू होते. तेथे दार उघडून मिटण्यास जो वेळ लागला असता, तो आपण कोणासाठी वाचवला, आणि त्या माणसाने त्या वेळात काय केले? हे उत्तर पाकिटात पाठवू नये. पाकिटातली उत्तरे कशी लिहितात ते मला माहीत आहे. कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी आमच्या वळणावर यावे, माझ्याबरोबर बसमध्ये चढावे, आणि दांड्याला धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे. त्यांनी हात दाखवला तर बस थांबेल.